ट्रॉलीवरची आई

प्राची दर उन्हाळ्यात माहेरी यायची ती आंबे खायला आणि मनसोक्त लोळायला. यंदा ती आली होती आईवर नजर ठेवायला, आणि हे घरात कुणाला सांगायची सोय नव्हती.

झालं होतं असं. फेब्रुवारीत आई, म्हणजे त्रिशलाक्का, तिच्याकडं पुण्याला राहायला आली होती. एका सकाळी मेथी निवडता निवडता ती गप्प झाली. कपाळावर घाम फुटला. डावा खांदा दाबत म्हणाली, "पित्त झालंय बहुतेक." प्राचीनं त्या पित्तावर विश्वास ठेवला नाही. रिक्षात घालून तिनं आईला तडक दवाखान्यात नेलं, आणि दिवस कलायच्या आत आईच्या हृदयात स्टेंट बसला. भेटायला आत सोडलं तेव्हा आईनं पहिलं काय विचारलं असेल, तर "वृषभला कळवलंस?"

"अजून नाही."

"मग कळवू नगो. माझ्या गळ्याची आण हाय तुला."

वृषभ हा प्राचीचा थोरला भाऊ. शिरोळजवळच्या गावात घर आणि उसाची शेती तोच बघायचा. वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, छातीत कळ आली तेव्हा त्यानंच त्यांना जीपमध्ये घालून मिरजेकडं गाडी पळवली होती, आणि नदीचा पूल ओलांडायच्या आत ते त्याच्या शेजारच्या सीटवर गेले होते. तेव्हापासून आईनं नुसतं शिंकलं तरी वृषभचा चेहरा उतरायचा. तिला शेताकडं एकटीला जाऊ द्यायचा नाही, जिना चढू द्यायचा नाही. आईचं म्हणणं एवढंच, की छातीत काय घातलंय हे त्याला कळलं तर तो तिला अंगणातसुद्धा फिरकू देणार नाही, आणि स्वतः काळजीनं अर्धा होईल.

प्राचीनं आण पाळली. गोळ्या जिऱ्याच्या डब्यात लपवून आई गावी परतली, आणि इकडं प्राचीच्या जिवाला घोर लागला. पहाटे फोन वाजला की ती आधी अंथरुणात उठून बसायची आणि मग फोन कुणाचा आहे ते बघायची.

एप्रिल संपता संपता आईचा फोन आला. आवाजात शाळकरी पोरीचा उत्साह.

"प्राची, मी नाटकात काम करालोय!"

"कसलं नाटक?"

"नजीरानं बसिवलंय. मोठं काम हाय माझं. म्हातारीचं."

नजीरा ही आईची शाळेपासूनची जिवलग मैत्रीण. लग्न होऊन कबनूरला गेली, यंत्रमागांच्या खडखडाटात पोरं वाढवली, शाळेत मराठी शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर गावोगावच्या बायका गोळा करून उघड्यावर नाटकं करायचं खूळ तिनं डोक्यात घेतलं. थिएटर नको, पडदा नको. जिथं मोकळी जागा मिळेल तिथं, उन्हं कलली की सुरू. पुरुषांची कामंही बायकाच करायच्या.

प्राचीनं फोनवर खूप आकांडतांडव केलं. "आई, आत्ता कुठं तीन महिने होतायत!"

"डॉक्टरनी चालायला सांगितलंय की न्हाय?"

"चालायला सांगितलंय. नाटक करायला नाही."

"नाटकात मी चालतबी न्हाय. बसूनच आसतो की."

ते मात्र खरं होतं. नाटकाचं नाव होतं 'उतरणार न्हाय'. दोघे भाऊ वाटण्या करतात, घरातलं सामान दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत भरतात, आणि आई कुणी न्यायची यावरून त्यांची जुंपते. तेव्हा म्हातारी एका ट्रॉलीतल्या ट्रंकांच्या ढिगावर चढून बसते आणि सांगते, तुम्ही दोघं एका ताटात जेवल्याबिगर मी खाली उतरणार न्हाय. मग अख्खं नाटकभर ती वर बसून पोरांना, सुनांना आणि भावकीला फैलावर घेते. अखेर पोरं एका ताटात जेवायला बसतात, आईला हाक मारतात, आणि तेव्हा कळतं की ती बसल्या जागी गेलेली आहे.

हा शेवट आईनं प्राचीला सांगितला नव्हता. प्राची गावी आली त्याच संध्याकाळी आई तिला तालमीला घेऊन गेली. शाळेच्या पटांगणात ट्रॉली उभी होती, वर आई होती, आणि प्राची खाली सतरंजीवर नजीरामावशीशेजारी बसून कौतुकानं बघत होती. शेवट आला. आईचं डोकं ट्रंकेवर कलंडलं, हात घरंगळून खाली लोंबला. प्राचीनं जी किंकाळी फोडली ती रस्त्यापलीकडच्या दुकानात ऐकू गेली म्हणे. अनवाणीच ती ट्रॉलीवर चढली, आईला गदागदा हलवू लागली.

आईनं एक डोळा उघडला. "आगं सोड की! नाटकात मेलोय मी."

बायका हसून हसून बेजार झाल्या. नजीरामावशीची सून हुस्ना थोरल्या मुलाचं काम करायची. हसताना तिची चिकटवलेली मिशी निघून पडली. घरी येताना मात्र आई हसत नव्हती.

"परवाच्या दिवशी सारं गाव बसणार हाय," ती म्हणाली. "तितं आसं काय केलंस तर मी तुज्याशी बोलणार न्हाय. जागेवरनं उठायचं न्हाय. कबूल?"

"आणि खरंच काही झालं तर?"

"काय हुईत न्हाय. कबूल का न्हाय?"

"कबूल," प्राची म्हणाली.

प्रयोगापर्यंत प्राचीनं आईचं पाठांतर घेतलं. सकाळी भाकरी थापताना, दुपारी आंबे पिळताना, आई बोलायची आणि प्राची नजीरामावशीच्या हस्ताक्षरातले कागद धरून बसायची. असं करता करता प्राचीलाच सगळं नाटक पाठ झालं. एका जागी आई नेमकी अडायची. थोरला मुलगा विचारतो, "तुला काय पायजे ते तरी सांग!" त्यावर म्हातारीनं म्हणायचं, "मला इस्त्याएवढं ऊन पायजे तुमच्या चुलीचं." निखाऱ्याएवढी ऊब, एवढंच मागणं, पण हे वाक्य काही केल्या तिच्या तोंडात बसत नव्हतं. कधी ऊन आधी यायचं, कधी चूल.

"ह्या वाक्याचं मी काय घोडं मारलंय कुणास ठाऊक," आई वैतागून म्हणायची.

प्रयोगाच्या दिवशी ऊन असं पडलं होतं की अंगणातल्या फरशीवर पाय ठरत नव्हता. प्राची दर थोड्या वेळानं पाण्याचा तांब्या घेऊन आईपुढं उभी राहायची आणि आई दोन घोट घेऊन तांब्या परत करायची.

"पी की गं नीट."

"आन् मधीच जायला लागलं तर? ट्रंकंवरनं उतरून 'थांबा जरा, आलो' म्हणू व्हय?"

प्राची तांब्या घेऊन आत गेली. आणखी एक गोष्ट होती. आईचा चौविहार. सूर्य मावळला की अन्न नाही, पाणी नाही, दुसऱ्या दिवशी सूर्य वर येईपर्यंत. लग्नाच्या आधीपासून तिनं हा नियम पाळलेला. दवाखान्यातही गोळ्या संध्याकाळच्या आत द्या म्हणून तिनं नर्सशी हुज्जत घातली होती. नाटक सुरू व्हायचं उन्हं कलल्यावर आणि संपायचं अंधार पडता पडता. म्हणजे तिला शेवटचं पाणी प्यायला मिळणार ते ट्रॉलीवर चढायच्या आधी, आणि तेव्हा ती पिणार नव्हती. प्राचीनं हे सगळं मनातल्या मनात तीनतीनदा मांडून बघितलं. वृषभला सांगावं तर कारण सांगावं लागणार, आणि मग आणखी पुढचंही.

वृषभ स्वतः भलताच खुशीत होता. आई नुसती बसून बोलणार आहे म्हटल्यावर त्यानं हरकत घेतली नव्हती. उलट स्वतःचीच ट्रॉली धुऊन, रंग लावून दिली होती. "आमची आई हिरॉइन हाय," असं तो रस्त्यानं भेटेल त्याला सांगत होता.

पटांगण भरलं. बायका पोरांना घेऊन पुढं बसल्या, पुरुष मागं मोटारसायकलींवर टेकून उभे राहिले. कबनूर आणि पेठ वडगावहूनही नजीरामावशीच्या ओळखीची माणसं आली होती. मोहसीन नावाचा पोरगेला माइकवाला प्रत्येकीच्या पदराला नाहीतर सदऱ्याला बारका माइक लावत फिरत होता. प्राची पहिल्या रांगेत बसली. तिच्या मांडीवर पाण्याची बाटली होती आणि पिशवीत, आईनं विरोध करूनही, जिभेखाली धरायची गोळी.

आई ट्रॉलीवर चढली, ट्रंकांवर बसली, पदर डोक्यावरून नीट ओढून घेतला. पटांगणात शिट्टी वाजली. आणि तिनं पहिलंच वाक्य असं फेकलं, की मोटारसायकलींवरची माणसं सरळ उभी राहिली.

"आरं ए कुलदीपकांनू! चमचं मोजलासा, वाट्या मोजलासा, मला कवा मोजणार?"

काय हशा पिकला! प्राचीलाही हसू आलं. ही आपलीच आई, जी पाहुण्यांपुढं धड चार वाक्यं बोलत नाही? ट्रॉलीवरची बाई आरडत होती, नकला करत होती, सुनेच्या माहेराचा उद्धार करत होती. मागं कुणीतरी म्हणालं, "त्रिशलाक्का हाय व्हय ही? वळखूच येईना." थोडा वेळ प्राची छातीत काय आहे ते विसरूनही गेली.

मग तिला आईच्या कपाळावरचा घाम दिसला.

तिनं स्वतःला समजावलं, घाम सगळ्यांनाच आलाय. हुस्नाची मिशी घामानं परत सुटायला लागली आहे. पण आईचा आवाज मघासारखा फेकला जात नव्हता. वाक्यांच्या मध्ये ती जीभ ओठांवरून फिरवत होती. पश्चिमेला उसाच्या शेंड्यांमागं सूर्य टेकला, तांबडा झाला, आणि प्राची बघत असतानाच मावळला. पटांगणाच्या चार कोपऱ्यांतले दिवे लागले. प्राचीनं बाटली घट्ट धरली. आता ती पाणी पिणार नाही. उद्या सकाळपर्यंत नाही.

हुस्ना कमरेवर हात ठेवून ट्रॉलीखाली उभी राहिली. "आई, सांगून सांगून दमलो! तुला काय पायजे ते तरी सांग!"

पुढचं वाक्य आलं नाही.

पटांगण वाट बघत होतं. प्राचीच्या ओठांवर शब्द होते: मला इस्त्याएवढं ऊन पायजे. हेच ते वाक्य. आई अडली. नेहमीसारखी अडली, एवढंच. आता येईल, ऊन आधी येईल नाहीतर चूल आधी येईल, पण येईल.

हुस्नानं प्रसंग ओळखून परत विचारलं, "सांग की गं आई. काय पायजे तुला?"

आई काही बोलली नाही. ती हुस्नाकडं बघतही नव्हती. लोक निश्चल झाले होते. त्यांना हे नाटकच वाटत होतं. प्राचीशेजारची एक बाई तर डोळ्याला पदर लावून बसली. आईचं डोकं हळूहळू मागं गेलं आणि वरच्या ट्रंकेला टेकलं.

प्राची अर्धवट उठली आणि परत बसली. हे शेवटात आहे, आत्ता नाही. की आईनं विसरलेलं झाकायला स्वतःच काहीतरी काढलंय? उठायचं नाही, कबूल केलंय. उठले आणि हे नाटकच असलं, तर सगळ्या गावापुढं तिची शोभा. आणि नाही उठले, तर? तिनं मागं वळून वृषभला शोधलं. तो दिव्याच्या खांबाला टेकून उभा होता, तोंडभर अभिमान.

तेवढ्यात आईच्या डोक्यावरचा पदर घसरला. खांद्यावर आला, खांद्यावरूनही खाली गेला. आणि आईनं तो सावरला नाही.

प्राची उठली. चार माणसांत आपल्या आईनं पदर कधी असा पडू दिलेला नाही, मग म्हातारीचं काम असो की आणखी काही. ती धावली नाही. बाटली घेऊन ती ट्रॉलीपाशी गेली आणि चाकावर पाय देऊन वर चढू लागली.

हुस्ना पुढं आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, तरी ती थोरल्या मुलाच्याच आवाजात म्हणाली, "कोन गा पावनं तुमी?"

"लेक हाय मी हिची," प्राची म्हणाली.

पटांगणात टाळ्या पडल्या. लेक भांडण मिटवायला आली असं लोकांना वाटलं.

वर पोचल्यावर प्राचीनं आधी पदर उचलून आईच्या खांद्यावर घातला, मग मनगट धरलं. हात थंडगार आणि ओला. नाडी होती. बारीक, पण होती. "आई. आई गं, छातीत दुखतंय?"

आईनं मान हलवली. नाही.

"खांद्यात? हातात?"

"न्हाय..." ओठ एकमेकांना चिकटत होते. "डोळ्याम्होरं अंधारी आली. शब्द... तोंडातनं हालंना."

"पाणी पी." प्राचीनं बाटली तोंडाला लावली. आईनं ओठ मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं.

"दिवस मावळलाय," आई म्हणाली.

"आई, आत्ता नियम काढू नको गं! आजाऱ्याला चालतं, मुनिमहाराजांनीच सांगितलंय तुला."

"मी आजारी न्हाय."

वृषभ ट्रॉलीपाशी येऊन पोचला होता. काहीतरी बिनसलंय हे एव्हाना त्याला कळलं होतं. एका उडीत तो वर आला. "काय झालंय? उन्हाचं आसंल. मी म्हणालतो न्हवं टोपी घाल म्हणून! आई, ए आई! उठ की!"

तो तिला काखेत धरून उभं करू लागला. तसं करायचं नसतं हे प्राचीला माहीत होतं, आणि त्याला का ते माहीत नव्हतं. त्याच्या दंडाला लोंबकळत ती म्हणाली, "दादा, उठवू नको तिला. आडवी कर. तिच्या हृदयात स्टेंट बसवलाय. फेब्रुवारीत. पुण्यात."

शब्द संपले आणि तिला आपलाच आवाज पटांगणाच्या चार कोपऱ्यांतल्या कर्ण्यांतून परत ऐकू आला. स्टेंट बसवलाय. फेब्रुवारीत. पुण्यात. आईच्या पदराला माइक होता, आणि पदर प्राचीनंच उचलून वर घेतला होता. कोपऱ्यात मोहसीन पेटीवरची बटणं धडाधड बंद करत होता. व्हायचं ते होऊन गेलं होतं. सगळं गाव उठून उभं राहिलं.

वृषभनं आईला सोडलं. ट्रंकांच्या कडेला तो मटकन खाली बसला. एरवी या माणसाचा आवाज दोन शेतं ओलांडून ऐकू यायचा. आता त्याचं तोंड हललं आणि आवाज आलाच नाही. त्यानं प्राचीच्या हातातून बाटली घेतली. ती त्यानं आईच्या तोंडापाशी धरली.

"पी," तो कसाबसा म्हणाला. "आई, पी की."

आईनं त्याच्याकडं बघितलं. चाळिशी ओलांडलेला, मिशीवाला, गावच्या विकास सोसायटीत दरारा असलेला तिचा मुलगा लहान पोरासारखा हुंदके देत होता.

"पितो, बाबा. पितो," ती म्हणाली. "तू रडू नगो आदी."

आणि ती प्यायली. एक घोट, मग दुसरा, मग डोळे मिटून बाटली अर्धी होईपर्यंत.

गर्दीतून गावचे डॉक्टर आदर्श वर चढले. त्यांनी आईला सतरंजीवर आडवं केलं, पाय एका गाठोड्यावर उंच ठेवले, नाडी बघितली, गाडीतून मागवलेल्या यंत्रानं रक्तदाब बघितला. "लई खाली गेलंय बीपी," ते म्हणाले. "उन्हात पाणी न पिता बसली, त्यात स्टेंटनंतर देतात त्या बीपीच्या गोळ्या. घाबरू नका. पण ईसीजी काढायलाच पायजे. मिरजेला न्या."

मिरजेला. प्राचीनं वृषभकडं बघितलं. तोच रस्ता, तोच पूल.

नजीरामावशी आईच्या उशाशी बसून तिच्या तळव्याला तळवा घासत होती. तिच्या डोळ्यांत राग मावत नव्हता. "मला तरी सांगायचं होतंस, आक्का! मी तुला ट्रंकंवर चढवली असती व्हय?"

"म्हणून तर सांगितलं न्हाय," आई म्हणाली. "शेवट ऱ्हायलाय नजीरा. लोकं थांबल्यात."

"शेवट गेला खड्ड्यात. आदी जीव सांभाळ."

चार बायकांनी आईला हलकेच खाली उतरवलं. लोकांनी मधून वाट करून दिली. कुणी टाळी वाजवली नाही. गाडीत मागं प्राचीच्या मांडीवर आईचं डोकं होतं. डॉक्टर पुढं बसले. वृषभनं किल्ली फिरवली आणि नुसता स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

"दादा, हुस्नाचा नवरा चालवेल हवं तर," प्राची हळूच म्हणाली.

"न्हाय," वृषभ म्हणाला. "मीच नेतो."

गाडी निघाली. दोन्ही बाजूंना ऊस, पुढं दिव्यांचा उजेड. प्राचीची दोन बोटं आईच्या मनगटावर होती. नाडी लागली की तिला सुटल्यासारखं वाटायचं, क्षणभर चुकली की ती बोटं सरकवून परत शोधायची. पूल आला. वृषभनं गाडी हळू केली नाही की पळवली नाही. पुलाच्या मध्यावर त्यानं आरशातून मागं बघत विचारलं, "हाय न्हवं?"

"हाय की," आईच बोलली. "म्होरं बघून चालव."

दवाखान्यात ईसीजी निघाला, रक्त तपासलं, सलाईन लागलं. हृदयाला धक्का नव्हता. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालेलं, गोळीचा डोस उन्हाळ्यात जरा जास्त होत होता. एक रात्र ठेवून घेतो, मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि आईला थोडं फैलावरही घेतलं. आई ट्रॉलीवर जितकी बोलत होती तितकीच इथं गरीब होऊन ऐकत होती.

बाहेरच्या बाकावर वृषभ आणि प्राची शेजारी बसले.

"तीन म्हैनं," तो म्हणाला. "रोज फोन करतीस मला. ऊस कसा हाय, पोरं कशी हायती. आन् हे न्हाय सांगितलंस."

"आण घातली होती तिनं."

"आण! माज्या घरात ऱ्हाती ती, प्राची. रातीचं काय झालं आसतं तर मी पित्ताची गोळी दिली आसती. कळतंय का तुला?"

हे प्राचीला सुचलं नव्हतं असं नाही. हेच सुचून ती रोज पहाटे उठून बसत होती. पण त्याच्या तोंडून ऐकताना तिला पहिल्यांदा रडू फुटलं. "तिला वाटत होतं तू धसका घेशील. आणि मलाही तसंच वाटलं. आप्पांच्या वेळी तू किती दिवस जेवला नव्हतास."

वृषभनं खिशातून रुमाल काढून आधी स्वतःचं तोंड पुसलं आणि तोच तिच्यापुढं धरला.

"धसका तर घेतलाच की," तो म्हणाला. "पर धसका घेतलेल्यानंबी गाडी चालवली का न्हाय?"

प्राचीनं मान हलवली. थोड्या वेळानं तो जरा सरकून बसला. "गोळ्या किती हायत? कुठली कवा द्यायची, सगळं सांग. आन् कुठली चुकली तर काय हुतंय तेबी सांग."

तिनं सांगायला सुरुवात केली. रक्त पातळ करायची कुठली, ती एक दिवसही का चुकवायची नाही, छातीत दुखलं तर जिभेखाली काय धरायचं, चालायचं किती, मीठ किती. तो मधेच थांबवून परत विचारत होता. बोलता बोलता प्राचीच्या लक्षात आलं की आपले खांदे सैल पडलेत. हे सगळं आता दोघांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी आईला घरी आणलं. बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. पंख्याखाली पलंगावर बसून आई पाणी पीत होती, तेही सगळ्यांना दिसेल असं, आणि मोडलेल्या नियमाचं प्रायश्चित्त काय घ्यावं यावर येणाऱ्या बायकांशी चर्चा करत होती. उपास सोडून काहीही घे, असं वृषभनं तिला बजावलं होतं. नजीरामावशी कबनूरहून सकाळीच आली होती. पेठ वडगावला ठरलेला पुढचा प्रयोग आता पावसाळ्यानंतर, तोही सकाळच्या उन्हात आणि डॉक्टर हो म्हणाले तरच, असं तिनं परस्पर जाहीर करून टाकलं.

"आणि डॉक्टर नाही म्हणाले तर?" प्राचीनं विचारलं.

"मग दुसरं नाटक लिवतो. झोपलेल्या बाईचं," नजीरामावशी म्हणाली, पण तिचाही हात आईच्या पायावरून निघत नव्हता.

व्हरांड्यात वृषभ फोनवर होता. सातारच्या मामाला, इचलकरंजीच्या आत्याला, बेळगावच्या साडूला, एकेकाला तो आईच्या हृदयाची हकीकत पहिल्यापासून सांगत होता. "व्हय, स्टेंट! न्हाय वो, मलाबी काल कळालं! माइकवर!" त्याचा आवाज परत दोन शेतं ओलांडून जायला लागला होता.

"सगळ्या दुनियेला सांगालाय बघ," आई वैतागून म्हणाली. "जा, त्याला गप कर."

प्राची उठली नाही. आईच्या पलंगाखाली गार फरशीवर ती आडवी झाली. वर पंखा घरघरत होता, बाहेर भाऊ ओरडत होता, बायका बोलत होत्या, कुणीतरी चहाचे कप आपटत होतं. त्या सगळ्या गोंगाटात, भरदिवसा, तिचा डोळा लागला.